सु.चं रंगीत अळू

२ नोव्हें.
सु. ठाण्याला लेकीकडे गेली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. स्वतःबद्दल चकार शब्द नाही, कुंड्यांच्या मात्र शंभर सूचना. "अहो, ही तुमची आंब्याची कलमं नव्हेत. उन्हात ठेवू नका. मासळीचं पाणी घालू नका हो!"

१० नोव्हें.
लेकीचा फोन. ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आहे.
दुपारी पडवीत आडवा. तिच्या रंगीत अळवाच्या पानांतून ऊन आलं की भिंत गुलाबी होते. डोळा लागला. आत ती भांडी लावत्येय असं वाटत राहिलं. उठून बघावंसं वाटेना.

१४ डिसें.
रंगीत अळू गेलं. एकेक पान मान टाकत. शेवटी कुंडी माडाच्या आळ्यात उपडी केली. राख, खवलं, खरकटं पाणी, आपल्याकडे सगळं माडालाच. फोनवर बोललो नाही. तिला कशाला...

५ जाने.
आज तिनेच विषय काढला. "अळू झोपलं असेल ना? थंडीत झोपतंच ते. कांदा मातीत जिवंत असतो. कुंडी हलवू नका."
"हं," म्हटलं. फोन ठेवला नि थेट माडाखाली. कांदे मिळाले, पण मोरीच्या पाण्यावर तिथे आपलं भाजीचं अळूही माजलेलं. कुठला कुणाचा? त्यातल्या त्यात गोरागोमटा निवडून लावला.

२० फेब्रु.
डॉक्टर म्हणतात, अजून थांबा, पुन्हा तपासणी. मी मनाशी धरून बसलोय, पान आलं की ती येणार. साठी उलटली नि हे खूळ! भीती वाटते, दुसरं काय.

शिमगा
पालखी अंगणात आली. गाऱ्हाण्यात तिची तब्येत घातली. अळवाचं हळूच पुटपुटलो.

२ एप्रिल
कोंब! गुंडाळी घट्ट, रंग कळत नाही.
राहवेना. तिला माडापासून सगळं सांगितलं. बोलणी खाणार वाटलं, तर कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "लाल निघालं तर माझं. हिरवं निघालं तर फदफदं करीन. चिंच आणून ठेवा."
तपासणी उद्या.
चिंच आणली. पान अजून मिटलेलंच. लाल निघो, हिरवं निघो, माझं काही म्हणणं नाही. ती यायला हवी.