शेजाऱ्याच्या हक्कापोटी

मी, वजीर रहिमान मुलाणी, वय एकोणपन्नास, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, अल्लाचे नाव घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, प्रकृती चांगली आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझ्या वयाचे लोक सहसा मृत्युपत्र करत नाहीत. पण सहा वर्षांपूर्वी मी गॅरेजच्या दारात मरता मरता राहिलो. तेव्हापासूनचे दिवस मला वरचे मिळाले आहेत. त्यांची व्यवस्था वेळेत लावलेली बरी.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि गॅरेजची जागा (कलम तीनमधला भाग सोडून) पत्नी परवीन, मुलगा शादाब व मुलगी आरफा यांना शरियतप्रमाणे मिळावी. त्यात मी माझे शहाणपण घालत नाही.

२. कंप्रेसर आणि सगळे पाने माझ्याबरोबर काम करणाऱ्या सोहेलला द्यावेत. सोहेल, कोणालाही अवजार उसने दे, पण दहा-अकराचा पाना देऊ नकोस. तो परत येत नाही.

३. गॅरेजच्या रस्त्याकडच्या बाजूची टपरी, तिच्या खालच्या जागेसह, चहा-वडापाव करणाऱ्या शालनबाईंना कायमची द्यावी. शरियतने मला बाहेरच्या माणसाला एक तृतीयांशापर्यंत देता येते; ही जागा त्यात बसते. शादाबच्या मनात पुढे गॅरेजची जागा गोडाऊनसाठी विकायचे आहे. त्याचे म्हणणे होते, "अब्बा, पुढची जागा नसेल तर गोडाऊनवाला घेणारच नाही." बरोबर आहे. म्हणूनच लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यामागे शालनबाईंना टपरी उचलावी लागेल.

घडले ते असे. बंटी नावाचा तरुण भर दुपारी कोयता घेऊन आला. दुसऱ्या गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली मोटारसायकल त्याला हवी होती. ती माझ्याकडे अमानत होती, म्हणून मी चावी दिली नाही. त्याने मला पाडले आणि कोयता उगारला. शालनबाई शेजारी चहासाठी आले कुटत होत्या. त्या हातातल्या लोखंडी बत्त्यासकट धावल्या आणि तो त्याच्या डोक्यात घातला. बंटी तिथेच गेला.

कोर्टाने मला विचारले, तो मारणार होता का? मी हो म्हणालो. तेव्हा मला तसेच वाटले होते. नंतर मनात येत राहिले की कदाचित तो नुसता धाक घालत असेल. मी खाली पडून त्याचा चेहरा पाहत होतो, तरी मला कळले नाही. शालनबाईंना तर त्याची पाठच दिसत होती. तेवढ्या वेळात खात्री करून घेता येत नाही. त्या निर्दोष सुटल्या, ते न्यायाचेच झाले. पण बंटी रोज त्यांच्याकडेच वडापाव खायचा, वर जास्तीची मिरची मागायचा. त्या दिवसापासून त्या चहात आले घालत नाहीत. कोणी मागितले तर "संपलंय" म्हणतात.

परवीनने मला एकदाही "चावी देऊन टाकायची होती" असे म्हटले नाही. याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

या कलमात मी आधी "जीव वाचवल्याच्या उपकारापोटी" असे लिहिले होते. शालनबाईंना वाचून दाखवले.

"खोडा ते," त्या म्हणाल्या.

"का, अक्का?"

"तुमी जगला त्याचं पुण्य घेतलं, तर तो मेला त्याचं पाप बी घ्यावं लागंल. दोन्ही एकाच हाताचं हाय. मला तुमची जागा नको."

मी परत आलो. पुष्कळ दिवस विचार केला. लहानपणी मशिदीत शिकवले होते की शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क असतो, आणि तो त्याने काही केल्यामुळे नव्हे, तर तो शेजारी आहे म्हणून असतो. मी पुन्हा गेलो. म्हणालो, "बंटी जन्मालाच आला नसता, तरी ही जागा तुमच्याच नावे केली असती."

"खरं बोलताय?"

"आत्ताच नमाज पढून आलोय."

"मग लिवा शेजारी म्हणून. पर फुकट न्हाई. रोज सकाळचा पहिला चहा तुमच्या घरच्याला."

तेव्हा कारण असे वाचावे: शेजाऱ्याच्या हक्कापोटी.

४. त्या घटनेनंतर चौकात शालनबाईंच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, खाली "रणरागिणी". बंटीची आई मंजुळाबाई त्याच रस्त्याने कँटीनला कामाला जायच्या. शालनबाई म्हणाल्या, "उतरवा ते. तिनं वर बघितलं तर मी कुठं बघू?" मी शिडी लावून उतरवला. तो आता गॅरेजच्या पत्र्यावर आहे, छापील बाजू खाली. तशीच राहू द्यावी. लावणाऱ्यांवर माझा राग नाही, मात्र माझ्या मातीला आले तर त्यांनी भाषण करू नये.

५. मी मंजुळाबाईंच्या दारी गेलो होतो. त्यांनी मला पाणी दिले. त्या पाण्याची जाण माझ्या घरात राहावी. त्या रस्त्यात दिसल्या तर बाजूला होऊन वाट द्यावी. शुक्रवारच्या दुआत मी बंटीचे नाव घेतो. ते पुढे आरफाने घ्यावे.

हे सगळे टपरीपाशी वाचले. शादाब म्हणाला, "मावशी, मी ब्लॅक कॉफी पितो."

"मग ती दुसरीकडं पी. हितं बसायचं तर चहाच."

तो बसला.

लिहून देणार: वजीर रहिमान मुलाणी (सही)

साक्षीदार: १. गुरुदत्त शेटे, शिक्षक, तळेगाव दाभाडे (सही)
२. केयूर कुलकर्णी, महाळुंगे (सही)

स्थळ: महाळुंगे. दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

वारसांची संमती: परवीन (सही), आरफा (सही). कलम तीन मला मान्य आहे, चहासकट. शादाब (सही)