चौथ्या रांगेवरचं नवं ब्लोअर

२७ ऑक्टोबर

आलं एकदाचं! साडेआठला इव्होंचा ट्रक अंगणात शिरला आणि क्रेननं ते केशरी धूड, बर्फ उडवायचं नवं ब्लोअर, खाली ठेवलं. आठ फूट रुंद, नऊशे किलो. इव्हों म्हणजे कोलोंबचा मावसभाऊ, ट्रॅक्टरच्या दुकानात विक्रीला असतो. खाली उतरला आणि म्हणाला, “दाजी, हे मशीन नाही, लग्न आहे. करून तर बघा.”

“एक केलंय,” मी म्हटलं. “त्याचीच वॉरंटी संपलीय.”

कोलोंब स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, “ऐकतेय मी, ओरेल म्हाताऱ्या!”

ठरलंय असं — ३१ डिसेंबरपर्यंत वापरायचं. बर्फ किती, वेळ किती, डिझेल किती, बोल्ट किती तुटले, सगळं इव्होंला लिहून द्यायचं. पटलं तर ठेवायचं, नाहीतर तो परत नेणार.

चाळीस वर्षं मी जुन्या ब्लोअरनं उलटं जाऊन बर्फ काढला. मशीन मागे, म्हणून ट्रॅक्टर मागे चालवायचा, आणि मान उजव्या खांद्यावरून मागे, थेट घराच्या दारापर्यंत. आता उजवा हात बधिर होतो. रिमूस्की शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मान किंवा ट्रॅक्टर. एक निवडा.” हे नवं मशीन उलट्या तोंडाचं आहे. आरशात बघत दारापर्यंत मागे न्यायचं, खाली टेकवायचं आणि पुढे बघत रस्त्यावर यायचं. मागचा बर्फ ते स्वतःच ओढून उडवतं. मान सरळ!

हे जमलं नाही तर चौथी रांग, म्हणजे शेतांमधून जाणारा आमचा हा घरांचा रस्ता, सोडावी लागेल. सोळा घरं, सोळा अंगणं. बाबांनी सुरू केलेलं काम. मग शहरातला ठेकेदार येईल, ज्याला इथलं एक नावही माहीत नाही.

२८ ऑक्टोबर

जुनं ब्लोअर गोठ्यामागे ओढून ठेवलं. पत्र्यावर बाबांनी वेल्डिंग केलेली सहा ठिगळं. तिसऱ्या ठिगळाच्या वेळी मी टॉर्च धरली होती आणि झोपेनं डुलत होतो. बाबांनी तेव्हा चर्चमधल्या सगळ्या पवित्र वस्तूंची नावं एका दमात घेतली, प्रार्थना म्हणून नव्हे. आमच्याकडे शिव्या त्याच. आई आत छातीवर क्रुसाची खूण करत होती.

फार आठवण आली आज. बाबांची, त्या वासाची — गरम ग्रीस आणि ओली लोकर.

३ नोव्हेंबर

बर्फ उडवायची नळी बसवली. अठरा बोल्ट. सतरा बसले, अठरावा पाऊण तास छळून मग बसला. हायड्रॉलिकचे पाइप जोडले. लिव्हर डावीकडे केली की नळी उजवीकडे वळते! पाइप उलटे लावलेत. उद्या बदलेन. आज ताकद नाही.

४ नोव्हेंबर

पाइप सुधारले. दुपारी सगळ्या अंगणांच्या कडेनं खुणेच्या काठ्या रोवल्या. बर्फ पडल्यावर अंगण कुठं संपतं आणि फुलांचा वाफा कुठं सुरू होतो, ते त्याच सांगतात. जमीन अजून गोठली नाही, काठ्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या.

बाईंकडे कॉफी. बाई म्हणजे रोझ-एमे बाई. रांगेवरच्या एकखोली शाळेत पहिली-दुसरीला मला त्यांनीच शिकवलं. आता अठ्ठ्याऐंशी. एकट्या. मला अजून ‘बाळा’ म्हणतात आणि मी अजून टोपी काढून उभा राहतो.

“नवं मशीन घेतलंस म्हणे?”

“बघतोय, बाई. परीक्षेला बसवलंय.”

“पेपर कोण तपासणार? तूच? मग पास!”

निघताना म्हणाल्या, “पडद्याचं तेच ना, बाळा?” तेच, म्हटलं.

पडद्याची रीत बाबांची. रांगेवर जे एकटे राहतात त्यांनी ट्रॅक्टर ऐकला की स्वयंपाकघराचा पडदा वर करायचा. आम्ही हात करायचा. पडदा खालीच असला तर उतरून दार ठोकायचं. चाळीस वर्षांत दोनदाच उतरलो. एकदा फिलियास म्हातारा खुर्चीतच गेलेला होता. दुसऱ्यांदा पलीकडचा ओव्हिला गाढ झोपेतून उठून बंदूक घेऊन दारात, अंगावर फक्त लांब चड्डी. तो किस्सा अजून लग्नात सांगतात.

१० नोव्हेंबर

गाढव आहे मी!

ट्रॅक्टरकडून मशीन फिरवणारा शाफ्ट लांब येतो. आपल्या ट्रॅक्टरच्या मापानं तो कापावा लागतो. पुस्तकात लिहिलंय — मशीन जोडा, वर उचला, खाली सोडा, सगळीकडे मापा, मग कापा. मी पुस्तक कशाला बघू? जुन्या ब्लोअरचा शाफ्ट शेजारी ठेवला, खडूनं रेघ मारली, कापला. मशीन उचललं तर शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांतून निसटून खणकन फरशीवर!

बारा सेंटिमीटर कमी.

कोलोंब दारात उभी होती. तिनं पुस्तक उचलून माझ्या हातात ठेवलं. ते जास्त लागलं.

११ नोव्हेंबर

इव्हों फोनवर: “म्हणजे दाजी, चाळीस वर्षांचा अनुभव बारा सेंटिमीटरनं तोकडा पडला!” आठवडाभर तो हेच सगळ्यांना सांगणार.

१७ नोव्हेंबर

नवा शाफ्ट आला. या वेळी पुस्तक उघडून, चष्मा लावून, तीनदा मापून कापला. ग्रीस भरलं. सुरू केलं. आवाज खोल आहे, जुन्यासारखा खडखडाट नाही. मला तो खडखडाट हवा होता की काय कोण जाणे. पाच मिनिटं उभा राहून नुसता ऐकत होतो.

२२ नोव्हेंबर

पहिला बर्फ. १४ सेंमी, कोरडा. एका अंगणाला सहा मिनिटं. जुन्याला अकरा लागायची. तुटलेले बोल्ट शून्य. बर्फ पंधरा मीटर लांब फेकला, ओव्हिलाच्या कुत्र्याच्या घरावर. ओव्हिलानं मूठ दाखवली, कुत्र्यानं शेपूट हलवली.

मान ठीक. हात बधिर नाही!

पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. पूर्वी अकरा मिनिटं घराकडे तोंड असायचं. कोण कॉफी ओततंय, कोणाचं पोर दात घासतंय, कोणाचं भांडण चाललंय — सगळी रांग मला घरच्या अवतारातच माहीत. आता समोर फक्त रस्ता. मागे नेताना आरशात बघतो, पण आरशात काठ्या दिसतात, खिडकी नाही. मशीनवर छोटा कॅमेरा आहे, त्यावर दोन अंगणांत बर्फाचा थर बसला.

बाईंच्या पडद्यासाठी मुद्दाम ब्रेक लावून अख्खा वळलो. वर होता. हात केला. मान कळवळली.

२८ नोव्हेंबर

३८ सेंमी, ओला, जड. जुन्या मशीनची नळी अशा बर्फात दर दुसऱ्या अंगणात तुंबायची आणि मी दांडा घालून ढोसत बसायचो. हे एकदाही तुंबलं नाही. एक बोल्ट तुटला. तो तुटावा म्हणूनच असतो, दगड लागला तर आधी तो जातो आणि गिअर वाचतो. चार मिनिटांत बदलला. चांगलं आहे मशीन. लिहायला जिवावर येतं, पण चांगलं आहे.

एकोणऐंशी सालचा हिवाळा आठवला दिवसभर. चीज बनवणाऱ्या ल्युसिएंच्या अंगणात उलटा शिरलो, तर खिडकीत त्याची मुलगी. केसांना रोलर, हातात कप, ओठांवर दूध. मी ते अंगण दोनदा काढलं. दुसऱ्या दिवशी बर्फ नसताना काढलं! बाबा म्हणाले, “अरे, त्यांच्या अंगणात आता डांबर दिसायला लागलंय. मुलगी तरी माग!” मागितली. ती कोलोंब. पुढे तोंड करून ट्रॅक्टर चालवत असतो तर आज कोणाच्या हातचं सूप खात असतो, देव जाणे.

हे तिला सांगितलं. म्हणाली, “मी तर रोज रोलर लावून तासभर बसायचे तिथं. तुला काय वाटलं, योगायोग?”

एकोणचाळीस वर्षांनी कळलं! हसून हसून पोटात दुखलं.

५ डिसेंबर, सकाळ

४५ सेंमी आणि वारा. सोळा अंगणं, एक तास पन्नास मिनिटं. पूर्वी साडेतीन तास लागायचे. सात वाजता घरी, गरम बीन्स समोर, मान सरळ. कोलोंबला म्हटलं, “ठेवतो. इव्होंला उद्याच सांगतो.” आज पहिल्यांदा ते मशीन माझं वाटलं. नळीवर थाप मारून आलो.

५ डिसेंबर, संध्याकाळ

बाई पडल्या होत्या.

काल संध्याकाळपासून. स्वयंपाकघराच्या फरशीवर. दर बुधवारी गरम जेवण पोचवणारी स्वयंसेविका आज बाराला आली, तिला सापडल्या. खुब्याचं हाड मोडलंय, अंग गार पडलं होतं. जिवंत आहेत. रिमूस्कीला नेलं.

पडदा खाली होता.

मी सहाला तिथं होतो. बर्फ जोरात होता, आरशात काठ्या बघत मागे गेलो, मशीन टेकवलं, सहा मिनिटांत रस्त्यावर आलो. वळून बघितलं नाही. वेळ बघत होतो. घड्याळ!

६ डिसेंबर

जेवलो नाही. कोलोंबनं आग्रह केला नाही.

८ डिसेंबर

दवाखान्यात गेलो. एवढ्याशा दिसतात त्या पलंगावर. टोपी हातात घेऊन उभा राहिलो.

“बस रे बाळा. इथलं वाटाण्याचं सूप प्यायलास का? नुसतं पाणी, वाटाण्याची फक्त ओळख करून दिलीय त्याला.”

मला हसता येईना. म्हटलं, “बाई, मी आलो होतो. मी बघितलं नाही.”

त्यांनी चादर सारखी केली. मग म्हणाल्या, “मला ट्रॅक्टर ऐकू आला ना. म्हटलं, चला, पडदा खाली आहे, आता ओरेल दार ठोकणार. घसा खाकरून ठेवला मी, ‘ये, उघडंच आहे’ म्हणायला. मग आवाज रस्त्याकडे गेला.”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा हात धरला आणि विचारलं, अंगण नीट निघालं ना?

गाडीत बसून रडलो. पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत.

१० डिसेंबर

इव्होंला फोन केला. मशीन घेऊन जा, म्हटलं.

“दाजी, काय बिघडलं?”

“काही नाही. मशीन उत्तम आहे.”

“मग?”

“मी चौथी रांग सोडतोय. ठेकेदाराला सांगून टाक.”

जुनं पुन्हा जोडायचा विचार दिवसभर केला. दुपारी गोठ्यामागे गेलो, मान वळवून बघितली. पाचव्या मिनिटाला हात बधिर. तोही रस्ता बंद.

सोळा घरं. चाळीस वर्षं माझी, त्याआधी सतरा बाबांची. चूक सहा मिनिटांची.

११ डिसेंबर

कोलोंबनं इव्होंसाठी लिहिलेली माझी टिपणं काढली आणि चष्मा लावून सगळी वाचली. मग माझ्यासमोर ठेवली.

“मशीनला दोष नाही. तूच लिहिलंयस.”

“दोष माझा आहे.”

“ते मला माहीत आहे. मी मशीनचं विचारतेय.”

“नाही, मशीनला दोष नाही.”

“आणि ठेकेदाराला खिडक्या कोण शिकवणार? ओव्हिला पडदा वर करून बसणार आणि त्याच्याकडे बघणार कोण?”

तिनं फोन उचलला. “इव्हों, रविवारपर्यंत येऊ नकोस.” तो काहीतरी विचारत होता. “तुला काय करायचंय?” म्हणाली आणि ठेवून दिला.

मलाही तेच उत्तर मिळालं.

१३ डिसेंबर

बाईंचं ऑपरेशन झालं. नर्सला म्हणाल्या म्हणे, वसंतापर्यंत मला घरी सोडा, टोमॅटोची रोपं लावायचीत.

बरं वाटलं. आज सूप प्यायलो.

१४ डिसेंबर

उद्या बर्फ आहे. कोलोंब तासभर शेडमध्ये होती. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाला, परत आला. विचारलं तर म्हणाली, “झोप लवकर.”

१५ डिसेंबर

२२ सेंमी. पहाटे निघालो. कोलोंब स्टिअरिंगवर, तोंड रस्त्याकडे. सव्वीस वर्षं याच रांगेवर बर्फातून शाळेची बस चालवली तिनं, आणि मला एकदाही सुचलं नाही! मी शेजारच्या घडीच्या सीटवर, पाठ समोरच्या काचेला लावून, अख्खा मागे वळून. मान वळवावीच लागत नाही. बाईंचं घर सोडून पडदे सगळे वर. प्रत्येक खिडकीला हात केला. ओव्हिलानं मला तसा बसलेला बघितला आणि हसता हसता कॉफी सांडली.

मशीन ठेवलं. ट्रॅक्टर तिचा. मी खिडक्या बघतो.