शिवलेला घेर

३ एप्रिल
आले एकदाची! खाली रफूचं दुकान, वर माझी खोली. ऊन थेट कॉटवर येतं. मालकीणबाई फटकळ, पण आल्याआल्या चहा पुढे करून म्हणाल्या, इथे फाटलेलं दिसता कामा नये, एवढं जमलं की तू आमचीच. मला जमतं. दोरा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. चाळिशी उलटल्यावर स्वतःचं दार, स्वतःची कडी. उगीचच लावून-काढून पाहत बसले.

८ एप्रिल
दुपारी दुकान बंद असतं, सगळी गल्ली घोरते. मी आडवी झाले होते. मालकीणबाईंनी दाराबाहेरून विचारलं, झोपलीस का गं?
पुढचं आठवत नाही. भान आलं तेव्हा मी कॉटखाली होते आणि ऊन भिंतीवर चढलं होतं. त्या म्हणतात, दार तूच उघडलंस, शहाण्या मुलीसारखी मान हलवलीस आणि बटणांचा डबा दिलास. बोलली मात्र नाहीस, जिभेला रफू केल्यासारखी, म्हणून हसल्या. मीही हसले.
खोलीत आणखी कुणीतरी आहे. लहान.

१२ एप्रिल
पुन्हा दुपार नाहीशी झाली. एका गिऱ्हाइकाचा छोटा फ्रॉक बाहीला फाटला होता. भानावर आले तर बाही तशीच. खालचा घेर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून बंद केलेला. हात आत जाणार नाही असा. टाके बारीक, माझेच. मालकीणबाई म्हणाल्या, अगं, पोरीने पाय कुठून काढायचे?
ते टाके उसवताना कळलं, खोलीत कोण आहे ते. ती मीच, सात वर्षांची. घर झोपलं की काका दाराशी येऊन हेच विचारायचे, झोपलीस का गं? ती डोळे मिटायची आणि भिंतीवरच्या उन्हात निघून जायची. कॉटवर नुसता फ्रॉक उरायचा.

१५ एप्रिल
धाकट्या बहिणीचा फोन. सुट्टीत भाचीला पाठवते आहे. काका आणून सोडतील, राहतीलही. पोरीला त्यांचा फार लळा, म्हणाली. बहिणीला काहीच माहीत नाही. मला म्हणायचं होतं, त्यांच्याबरोबर नको, मीच येते न्यायला — तोंड उघडलं —
फोन कधी ठेवला? हातात सुई. ओठावर रक्ताचा ठिपका.

१७ एप्रिल
सकाळी पुन्हा फोन लावला. ते निघाले होते.
आले. म्हातारे झालेत, हातात काठी. मालकीणबाई म्हणाल्या, किती प्रेमळ माणूस. त्यांची गादी खाली दुकानात घातली. भाची वर, माझ्यापाशी.

१८ एप्रिल, दुपार
भाची कॉटवर चित्र रंगवते आहे. मी लिहिते आहे, म्हणजे मी इथेच आहे. पाय फरशीवर. फरशी गार.
जिन्यावर काठी —
कडी लावली? लावली.
झोपलीस का गं —
भाचीने खडू टाकला. डोळे गच्च मिटले. दोन्ही मुठींत फ्रॉकचा घेर. हे तिला मी शिकवलेलं नाही —
ऊन भिंतीवर — नाही. मी जाणार नाही. फरशी. तिची मूठ —
ओरडून सांगते. खाली मालकीणबाईंना ऐकू जाईल असं. जाग्या आहोत. आम्ही दोघी जा—