मानेवरचा डाग

मिलवॉकी, ३ मार्च १९९७

ती. ओडेसाआत्यास,
लोरेनचा सा. न. वि. वि.

तुमच्या पेकन अक्रोडांच्या वड्या पोचल्या. टपालात निम्मा चुरा झाला होता, तोही मी चमच्याने खाल्ला. बाकी बातमी चांगली नाही. ताईच्या घरातून सरकारने काढून नेलेली तिची मुलगी, आपली झकिया, अजून बालगृहातच आहे. परवा केस विंचरायला तिथली बाई मागून आली, तर हिने तिला ढकललं, खुर्ची फेकली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पाहून 'उद्दाम, हिंसक वृत्ती' असं लिहून टाकलं. तिच्याच खोलीतल्या हायडी नावाच्या गोऱ्या मुलीनेही खुर्चीच फेकली होती. तिच्या कागदावर मात्र 'मारहाणीने मनाला बसलेला धक्का', आणि तिच्याशी बोलायला एक प्रेमळ बाई येते. आपल्या काळ्या पोरीला काय झालं असं कोणी विचारलंसुद्धा नाही. हा शिक्का पुसला नाही तर न्यायाधीश तिला माझ्याकडे देणार नाहीत, कुलपाच्या संस्थेत धाडतील. मला संताप येतो आणि रडूही येतं.

तिच्या मानेवर, पार खाली, भाजल्याचा डाग आहे. पण तसे डाग आपल्या घरात कोणाला नाहीत? ईस्टरच्या आदल्या दिवशी लोखंडी कंगवा तापवून माझे कुरळे केस सरळ करताना तुम्ही भाजलेला कान मी अजून मिरवतेच आहे.

माया असू द्या.
लोरेन

ग्रीनवुड, १० मार्च

चि. लोरेनला ओडेसाआत्याचे आशीर्वाद.

कान भाजला तो तू चुळबुळ करत होतीस म्हणून. पण कंगवा कानाला लागतो, केसांच्या कडेला लागतो. केस संपतात त्याच्या खाली त्याचं काय काम? आपण सगळ्याच भाजलेल्या, म्हणून तो डाग आपल्याला दिसूनही दिसला नाही. डॉक्टरांवर चिडलीस ते योग्यच आहे, पण पोरीला विचारलं तूही नाहीस. आता विचार. मागून जाऊ नकोस, आणि केसांना हात लावण्याआधी तिच्या हातात आरसा दे, म्हणजे तुझे हात तिला दिसतील.

तुझी काळजी करणारी,
आत्या

मिलवॉकी, १९ मे

ती. आत्यास सा. न.

विचारलं. झकियाने आरशात आधी माझे हात नीट पाहून घेतले. मग म्हणाली की आईचा मित्र कंगवा तापवायचा, पण केसांसाठी नाही. मी तिथेच रडले, आणि तिनेच मला रुमाल दिला. माझ्या वकिलांनी कोर्टाकडून दुसऱ्या डॉक्टरीणबाई मागून घेतल्या. त्यांनी आधी तिला काय झालं ते विचारलं आणि मगच लिहिलं, की ही वृत्ती नव्हे, ही धास्ती आहे. जुना शिक्का कागदावरून अजून गेलेला नाही, त्यासाठी भांडणं चालूच आहे. पण न्यायाधीशांनी पोरगी माझ्याकडे दिली. आता तीही वड्यांवर हक्क सांगते, तेव्हा मोठा डबा पाठवा.

काल चर्चला जायचं म्हणून तिला पुढ्यात घेऊन वेण्या घालत होते. मध्येच आरसा तिच्या हातातून खाली पडला. माझे हात जागीच थांबले. वाकून पाहिलं तर माझ्या गुडघ्यावर मान टाकून पोरगी गाढ झोपली होती.

लोभ आहेच, आता तो दोघींना पुरवा.
लोरेन