दोन आठवड्यांची नोटीस

३ मार्च, सोमवार

सफरचंदांचा हंगाम सुरू. सहाला पॅकिंग शेडमध्ये. प्रतवारीचं यंत्र दोनदा अडलं, दोनदा मीच चालू केलं. नव्या फोर्कलिफ्टवाल्याला माझ्यापेक्षा तासाला दोन डॉलर जास्त, हे दहाच्या चहाला कळलं. मला इथे एकोणीस वर्षं झाली.

काळजी नाही. अर्थशास्त्राच्या संध्याकाळच्या वर्गात मिसेस हॅडो म्हणाल्या, कामगार कमी पडले की पगार वाढतो. यंदा सगळ्या ह्युऑन खोऱ्यात माणसं मिळत नाहीत. म्हणजे माझाही आपोआप वाढणार. मागायची गरज नाही. मागायचं असलं की माझी बायको, बेरिलच, मालकाला, ग्रेमला, फोन करायची. तिला जाऊन सात महिने झाले.

१२ मार्च

वाढला नाही. बाजाराला वेळ लागतो.

लिंडसेला सांगितलं. अकरा वर्षं यंत्रापाशी माझ्या शेजारी उभा असतो. बेरिलच्या शवपेटीला त्याचाही खांदा होता. म्हणाला, "अरे बाबा, राजीनामा टाक. तुझ्याशिवाय ते धूड कोण हाकणार? ग्रेमला टोस्टर धड चालवता येत नाही. धावत येईल बघ."

वर्गाला न जाता याला सगळं कळतं.

१४ मार्च, शुक्रवार

राजीनामा दिला. ग्रेमने वाचला, हात मिळवला आणि विचारलं, निरोपाच्या चहाला फ्रूटकेक की स्पंज. मालक माणूस, घाबरल्याचं दाखवणार कसं. स्पंज म्हणालो.

२० मार्च

ग्रेम गप्प. मोठी वाढ द्यायची तर विचार करावा लागतोच.

लिंडसे रोज यंत्राबद्दल विचारतो. मी आजारी पडलो तर काम अडू नये म्हणून. सगळं वहीत आकृत्या काढून दिलं. असा मित्र नशिबाने मिळतो.

२८ मार्च, शुक्रवार

दहाला चहा. सगळ्यांनी घरून एकेक ताटली भरून आणली होती, मीही. ग्रेमने जाहीर केलं, सोमवारपासून यंत्र लिंडसेकडे. पगार माझ्यापेक्षा तासाला चार डॉलर जास्त. त्याहून कमीत तो तयार होईना.

ग्रेमला बाजूला घेऊन विचारलं, मला का नाही.

"तू कधी मागितलंच नाहीस रे. आणि बेरिलनंतर तुला इथे नकोसं झालंय, असं लिंडसे म्हणाला. म्हटलं, कशाला अडवा."

लिंडसे केक कापत होता. मला मोठा तुकडा दिला. म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. जागा रिकामी झाली की कोणीतरी घेतंच."

मी थँक्यू म्हणालो.

घरी आलो. ताटली धुतली, पुसली, कपाटात ठेवली.