पातेल्यातलं घड्याळ

दि. ४ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं घड्याळ भावोजींनी गेल्या आठवड्यात माझ्या हातात ठेवलं आणि वर तुझा निरोप दिला, की आता उशीर झाला तर कारण नवीन शोध. ताई, मला कामावर जायला उशीर एकदाच झाला होता, आणि तोही झोपेत झाला. जागेपणी मी कधी उशीर करत नाही.

घड्याळ मात्र जबरदस्त आहे. तू सांगितल्याप्रमाणे ते रिकाम्या पातेल्यात ठेवतो. संध्याकाळी पाच वाजता ते असं काही कोकलतं, की मी उठून बसल्यावर मला जाग येते. डोक्यावर एक टपली मारली की गप्प. मग चहा, अंघोळ आणि अंधार पडायच्या आत बेकरीत हजर. बुधवारी दुकानं बंद, म्हणून मंगळवारी रात्री भट्टी बंद. तेव्हा मंगळवारी सकाळी घरी आल्याबरोबर मी घड्याळाच्या पाठीमागचं बटण बंद करून ठेवतो आणि बुधवारी दुपारी पुन्हा चालू करतो. तुझ्या घरी वर्षानुवर्षं राबलंय बिचारं, त्यालाही एक सुट्टी हवी.

कामाचं म्हणशील तर अजून उमेदवारीवर आहे. पीठ मळायचं यंत्र, ट्रे भरणं, भट्टीवर नजर ठेवणं. उस्ताद बोलत नाहीत, नुसते बघतात. जुलैअखेर ठरवणार आहेत, मला ठेवायचं की घरी पाठवायचं. ताई, हसू नकोस, पण मला हे काम आवडलंय. पावाची पहिली खेप बाहेर येते तेव्हा दरवेळी बरं वाटतं. भावोजींच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या मोजताना मला कधीही वाटलं नाही की उद्या इथे परत यावं. इथे वाटतं.

फक्त दिवसा झोप नाही. माझ्या डोक्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात, एकटेच. सकाळी आठ वाजता ते कपाट सरकवायला घेतात. एक माणूस, एक कपाट, एक पलंग. यांची मांडणी माणूस किती प्रकारे करणार? पण रोज नवीन काहीतरी सुचतं त्यांना. शेजारी शिंपीणबाई. त्यांचं यंत्र आणि माझी उशी यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही नावाला. आणि समोर शिकवणीच्या बाई, ज्यांना मी मनातल्या मनात पाढेबाई म्हणतो. त्यांची पोरं एकोणतिसाच्या पाढ्यात मध्यावर हमखास अडखळतात, आणि पुढचा आकडा सापडेपर्यंत मी इकडे श्वास रोखून पडलेला असतो.

खोली देताना घरमालकांनी इमारत शांत असल्याची ग्वाही दिली होती. पहिला आठवडा खरंच तसा गेला. मग कोणाची दृष्ट लागली कोण जाणे.

लोभ आहेच. थोडी झोप मिळाली तर तो माझ्याकडूनही वाढेल.

तुझा,
धाकटा


दि. ११ जून

चि. झोपाळूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि कपाटाचं वर्णन ऐकून तुझ्या भावोजींना चहाचा ठसका लागला. लहानपणी तू शाळेच्या बाकावर झोपायचास, लग्नाच्या पंगतीत झोपायचास, एकदा न्हाव्याच्या खुर्चीत झोपून अर्धी भुवई घालवून आलास. अशा माणसाला झोप येत नाही म्हणजे प्रकरण साधं नाही.

कानात कापूस घाल. खिडकीला जाड चादर लाव. डोळ्यांवर ओला रुमाल ठेव. आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्यांशी गोड बोल. तुझं गोड बोलणं मला माहीत आहे. कपाळाला आठ्या घालून कृपया म्हणतोस आणि समोरच्याला वाटतं शिवी दिली. तसं नको. बेकरीत काम करतोस, चार पाव घेऊन जा. आधी पाव दे, मग तक्रार कर.

इकडचं काय सांगू? घड्याळ तुला दिल्यापासून आमच्या घराचा ताळ सुटलाय. परवा एक गिऱ्हाईक सकाळी कुलूप घ्यायला आलं आणि आमच्याच दुकानाला लागलेलं कुलूप बघून परत गेलं. हे तेव्हा झोपलेले होते. तरी तुझी नोकरी महत्त्वाची, म्हणून मी काही बोलत नाही. एवढंच लिहिते आहे.

माया आहे म्हणून घड्याळ दिलं, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


दि. २५ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे उपाय क्रमाने करून बघितले. ओल्या रुमालाने सर्दी झाली. कापसाने पाढे अडतात, कपाट अडत नाही, ते थेट हाडांत शिरतं. खिडकीच्या चादरीमुळे अंधार छान होतो आणि अंधारात आवाज जास्त येतो.

आता तर नवीनच छळ सुरू झालाय. भर दुपारी माझं दार वाजतं. मी कापूस काढून, चप्पल शोधून, दार उघडेपर्यंत जिन्यात कोणी नसतं. चांगली जाणती माणसं आहेत गं, आणि दार वाजवून पळून जातात. या वयात.

एकदा पाव घेऊन पोस्टमनकाकांकडे गेलो. आठ्या घातल्या नव्हत्या, शपथ. त्यांनी पाव घेतले, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले की दुसऱ्याच्या आवाजाबद्दल बोलण्याआधी माणसाने स्वतःच्या खोलीत काय चाललंय ते बघावं. एवढं बोलून दार लावून घेतलं. पाव परत दिले नाहीत. मी खाली येऊन खोलीत बघितलं. काहीच चाललेलं नव्हतं. जळमटं होती, ती काढली. फरशी पुसली. आता माझी खोली चकाचक आहे आणि मी तिच्यात जागा आहे.

आणि दैवाचा खेळ बघ. बुधवारी सकाळी मी घरी असतो, रात्रभर झोपून ताजातवाना. नेमका त्याच दिवशी कोणाचा आवाज नाही, कपाट नाही, यंत्र नाही, चांगलं ऊन वर येईपर्यंत सगळी इमारत ढाराढूर. मला झोप नको असते तेव्हा हे झोपतात.

आता हसण्यासारखं नाही ते लिहितो. परवा पिठाच्या पोत्याला टेकलो आणि डोळा लागला. जाग आली ती धुराने. अख्खी खेप कोळसा झाली. उस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्यातला एक काळा पाव उचलून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की हा खोलीत ठेव, रोज बघत जा, पुन्हा असं झालं तर येऊ नकोस. तो पाव समोर टेबलावर आहे. मला भीती वाटते, ताई. बेकरीजवळ दुसरी खोली मिळत नाही आणि या खोलीत झोप मिळत नाही. मला परत खिळे मोजायला यायचं नाहीये.

लोभ कर आणि काहीतरी सुचव.

तुझा,
धाकटा


दि. २९ जून

चि. झोपाळूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा शंका आली. एकच विचारते, नीट आठवून उत्तर दे. संध्याकाळी पाचला घड्याळाच्या डोक्यावर तू टपली मारतोस. पहाटे पाचला कोण मारतं?

अरे, बटण चालू असलं की ते दोन्ही वेळा वाजणार! आमच्याकडे पहाटे मी उठायची आणि संध्याकाळी त्याच आवाजाने हे दुपारची झोप संपवून दुकानात जायचे. दोन्ही वेळा टपली मारायला कोणीतरी असायचं, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नाही. टपली नाही मिळाली तर ते दमेपर्यंत ओरडतं. आणि तू पहाटे बेकरीत, खोलीला कुलूप, घड्याळ पातेल्यात! शांत इमारत घड्याळ पोचल्यावरच का बिघडली आणि सुट्टीच्या बुधवारी का झोपते, ते आता तूच जुळव.

बटण बंद कर आणि सगळ्यांना तोंड दाखवून ये. पातेल्याची सूचना कोणाची होती हे विचारलं तर आठवत नाही म्हण.

रागावले नाहीये. हसू आवरत नाहीये, म्हणून अक्षर असं आलंय.

तुझी,
ताई


दि. ८ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ घड्याळाकडे बघत बसलो. ते निर्लज्जासारखं टिकटिकत होतं. बटण बंद केलं आणि कामावर गेलो.

सकाळी परत आलो तर जिन्यात सामसूम. पाढेबाईंची पोरं दप्तरं घेऊन फाटकाबाहेर ताटकळत उभी. त्यांच्या कालव्याने बाई जाग्या झाल्या आणि एका पायात चप्पल घालून धावत खाली आल्या. शिंपीणबाईंनी खिडकीतून डोकं काढून किती वाजले ते विचारलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शेवटी पोस्टमनकाका उतरले, माझ्यासमोर थांबले आणि विचारलं की तब्येत बरी आहे ना. ताई, त्यांना खरंच काळजी वाटली होती.

मग जिन्यातच सगळं सांगितलं. मी रात्रपाळी करतो हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी पहाटे घड्याळ लावून अख्खी इमारत उठवायचो आणि स्वतः ते बंदही न करता दिवसभर लोळायचो. इतका मुजोर माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. तेच सुनावायला दुपारी येऊन दार वाजवायचे, आणि मी उघडत नाही म्हणून आणखी चिडून जायचे. पहाटेपासून जागं राहून करायचं काय? शिंपीणबाईंनी जास्तीचं काम धरलं. पाढेबाईंनी सकाळची शिकवणी काढली. आणि पोस्टमनकाकांच्या कपाटाचं कारणही मला कळलं. म्हणजे ज्या आवाजाने माझी नोकरी जायची वेळ आली, तो मीच रोज किल्ली देऊन सोडत होतो.

मी माफी मागितली आणि घड्याळ कायमचं बंद करतो म्हणालो, तर तिघंही एकदम नको म्हणाले. सकाळच्या शिकवणीला पोरं भरपूर आहेत. शिंपीणबाईंना कामं हातावेगळी व्हायची सवय लागलीय. बुधवारी सगळं कोलमडतं, ही त्यांची वेगळी तक्रार! शेवटी असं ठरलं, की घड्याळ पोस्टमनकाकांच्या दाराबाहेरच्या कोनाड्यात राहील, पातेल्याशिवाय, आणि टपली काका मारतील. शिंपीणबाईंनी यंत्र पलीकडच्या भिंतीला नेलं. पाढेबाई संध्याकाळपर्यंत पाढे लिहून घेणार, म्हणायला लावणार नाहीत. कपाट आहे तिथेच राहील.

राहता राहिला प्रश्न, घड्याळ वर गेल्यावर मला कोण उठवणार. काकांनी दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलं नाही. ते उठवणार.

परवापासून मी गाढ झोपतोय. काळा पाव मात्र अजून टेबलावर आहे, आणि उस्तादांच्या मनात काय आहे ते काही कळत नाही.

लोभ जसा होता तसाच असू दे, त्याला आता झोपेचं कारण नको.

तुझा,
धाकटा


दि. १५ जुलै

चि. झोपाळूस,
अ. उ. आ.

वाचून जीव भांड्यात पडला. पण मला एक पटलं नाही. तुझ्या उमेदवारीचे शेवटचे दिवस, आणि तू सगळी भिस्त एका म्हाताऱ्या माणसावर टाकलीस? त्यांनाच दुपारी डुलकी लागली तर? त्यापेक्षा इमारतीला दुसरं घड्याळ घेऊन दे, तुझं तुझ्या उशाशी घे. आणि काम कायम झालं की आमचं आम्हाला परत पाठव. हे अजून झोपलेले असतात.

काळजी वाटते म्हणून लिहिलं. राग मानू नकोस, तुझ्या त्या काकांनाही मानू देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. २ ऑगस्ट

सौ. ताईंस,
स. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. मी आपल्या भावाच्या डोक्यावर राहतो. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी. आपलं मागचं पत्र त्याने मला वाचायला दिलं. दुसऱ्याचं पत्र मी न विचारता कधी वाचलेलं नाही, हे आपणांस सांगावंसं वाटतं.

आधी बातमी. आज सकाळी तो जिना चढून थेट माझ्याकडे आला. उस्तादांनी त्याला तो काळा पाव आणायला सांगितला होता, तो काल रात्री त्याच्याकडून परत घेतला आणि भट्टीत टाकला. सकाळी निघताना एवढंच म्हणाले, की संध्याकाळी लवकर ये. तो कायम झाला. स्वतः लिहिणार होता, पण सांगता सांगताच त्याचे डोळे मिटत होते, म्हणून मी त्याला खाली पाठवलं आणि हे काम माझ्याकडे घेतलं.

आता आपल्या शंकेविषयी. मी दुपारी झोपत नाही. पूर्वी मी गल्लीत शिरलो की माणसं दारात येऊन उभी राहायची. ती पत्रासाठी यायची, माझ्यासाठी नव्हे, पण यायची. निवृत्त झाल्यापासून माझी वाट कोणी बघितली नव्हती. त्यात पहाटे पाचला जाग यायला लागल्यावर दिवस संपेचना. कपाट सरकवत होतो ते काही हौस म्हणून नव्हे. आता संध्याकाळी पाच वाजता मला एक दार उघडायचं असतं. तो कानात कापूस घालून झोपतो, म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे असते. हाताने हलवून उठवतो आणि चहा ठेवतो. डुलकी लागलीच, तर दाराबाहेर आपलं घड्याळ आहे. तेव्हा काळजी नसावी.

ते घड्याळ मात्र परत मागू नये, ही सगळ्यांच्या वतीने विनंती. आपल्यासाठी नवं घेतलं आहे, शिंपीणबाईंनी त्याला जाड पिशवी शिवली आहे, येत्या आठवड्यात पोचेल. दोन्ही वेळा वाजतं याची दुकानात उभं राहून खात्री करून घेतली. दुकानदार वैतागला, पण आपल्या यजमानांची सोय महत्त्वाची.

एक गोष्ट आपल्यापाशीच असू द्यावी. मंगळवारी त्याला काम नसतं, उठवायचं नसतं. तरी घड्याळ वाजतं, मी टपली मारतो आणि सवयीने जिना उतरतो. त्याच्या दारापर्यंत जातो, जरा थांबतो आणि परत येतो.

आज मंगळवार नाही. पाच वाजत आले, निघतो.

ओळख नवी आहे, आपल्या लोभाने ती जुनी व्हावी.

आपला,
वरच्या मजल्यावरचा पोस्टमन