एकतिसावी ओळ

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रणाली,

आत्याचा आशीर्वाद. घरी सगळे बरे. तुझ्या बापाचा गुडघा दुखतोय, पण डॉक्टरकडं जाईल तर ना. बोंबील यंदा छान वाळलाय. पनवेलला कोण येणारं भेटलं की पाठवते.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत न्हायस. आणि हे कागदावरच पाहिजे.

काल मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आपल्या ओट्यावर येऊन बसला. सदाची होडी आली न्हाय ते प्रणालीच्या बटणामुळं कळलं न्हाय, रविवारच्या सभेत तिनं तशी माफी लिहून द्यावी, म्हणाला. त्याच्याच ओळखीनं तू नोकरीला लागलीस, तेही ऐकवून गेला. तुझा बाप सांगतो, तू लिहून देणार आहेस. तुला काय वेड लागलंय?

बटण चांगलं आहे. मी चौथी शिकलेली, मला कळतं. सोसायटीचा क्लार्क सोडून गेला म्हणून मला झाडूवालीला कॉम्प्युटरवर बसवली यांनी. एकतीस होड्यांची नावं, नंबर, रोज संध्याकाळी एकेक अक्षर शोधत तीन तास जायचे. तू ते मॅक्रो करून दिलंस. एक बटण दाबलं की कालची नावं उतरतात, तारीख बदलते, आणि जो चौकोन रिकामा त्यात ‘आली’ पडतं.

तू बजावलं होतंस, ‘आत्या, आधी किनाऱ्यावर फिरून ये. जी आली न्हाय तिच्यापुढं बाकी लिही. मगच दाब. बटणाला समुद्र दिसत न्हाय.’

रोज फिरायचे मी. संध्याकाळी बायका वलांडीवरचे, बांबूंवर वाळत टाकलेले बोंबील काढत असतात. एकेकीला विचारत जायचं, तुझा आला का. शेवटची वलांडी कृष्णाबाईची. सदाची बायको.

तिचं-माझं गेल्या आठवड्यात सोमवारी वाजलं होतं. आपल्या वलांडीच्या बांबूवर तिनं जाळं टाकलं, मी उचलून फेकलं. ती मला सगळ्यांपुढं म्हणाली, नवऱ्यानं टाकलेली. बायका हसल्या.

म्हणून गुरुवारी मी तिच्या अलीकडूनच माघारी फिरले. सदा रोज पाचला येतो, आलाच असेल. एकतिसावी ओळ रिकामी होती. बटण दाबलं. यादी वर पाठवली आणि चहा ठेवला.

एवढं तू ओळखलंही असशील. पुढचं कोणालाच ठाऊक न्हाय.

सातला कृष्णाबाई ऑफिसात आली. सदा आला न्हाय, फोन लागत न्हाय, शोधायला होड्या काढा. चेअरमननं कॉम्प्युटरकडं बोट केलं. यादीत आली आहे, डिझेलला रेवदंड्याला लागला असेल, म्हणाला. ती माझ्याकडं वळली.

‘सोना, तू डोळ्यानं बघितलीस का गं?’

भांडणानंतर पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, ‘व्हय.’

ती घरी गेली. होड्या निघाल्या न्हायत. सदाची होडी इंजिन बंद पडून वाहत गेली होती, आणि त्याचा हात दोरात चेंगरलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीवर्धनच्या लोकांनी ओढून आणली. माणूस वाचला, उजवा हात कापला. आदल्या दिवशी आणला असता तर राहिला असता, असं डॉक्टर म्हणाला. मी तिथंच उभी होते.

आता चेअरमन तुझ्या बटणाला शिव्या देतो. त्यालाही तेव्हा खुर्चीतून उठायचं नव्हतं. आणि मी सहा दिवस गप्प ऐकतेय. लोकांनी तुझं नाव घेतलं की मला हलकं वाटायचं, हेही लिहून टाकते.

माफी लिहू नकोस. रविवारी ये आणि हे पत्र सभेत मोठ्यानं वाच. मी वाचलं तर अडखळेन, अडखळले की लोकांना दया येते. ती मला नको. कृष्णाबाई पुढं बसेल. मी तिच्या शेजारी बसेन, ती बसू देईल तोवर. त्या ‘व्हय’पाशी आलीस की माझ्याकडं बघू नकोस, आणि थांबू नकोस.

न बघता बघितलं म्हणालेली,
तुझी आत्या
सोनाबाई